मातीच्या गोळ्यांतलें हंसूं

आपल्या घरांतील लोणच्याच्या बरणीला आपण ‘चिनी मातीची बरणी’ म्हणतों. आजीच्या काळापासून ती फडताळांत उभी असते. वरचा भाग तपकिरी, खालचा पांढुरका, आणि तोंडाला फडक्याचा दादरा. तिच्या नांवांत एक सबंध देश दडलेला आहे हें आपल्या लक्षांतहि येत नाहीं. खरें पाहतां ती बरणी अस्सल चिनी मातीची नव्हेच. दगडासारख्या घट्ट भाजणीचा तो एक निराळा प्रकार आहे. अस्सल चिनी मातीचें भांडें शुभ्र व पातळ असतें. उजेडापुढें धरलें तर पलीकडचीं बोटें छायारूपानें दिसतात, आणि टिचकी मारली तर घंटेसारखा नाद निघतो. अशा मातीच्या, वीतभर उंचीच्या कांहीं मूर्ति मीं दोन वर्षांपूर्वीं पाहिल्या. त्यांनीं मला माझ्या आयुष्यांतील एका जुन्या चुकीपुढें नेऊन उभें केलें. त्या मूर्तींचा इतिहास आणि ती चूक, हीं दोन्ही आज वाचकांस सांगावयाचीं आहेत.

मी भोर तालुक्यांतील वरवे बुद्रुकचा राहणारा. मराठी शाळेंत मुलें शिकविण्यांत आयुष्य गेलें. मॅट्रिकपलीकडे कोणती परीक्षा मीं दिली नाहीं. संस्कृत मात्र वडिलांपाशीं बसून शिकलों, आणि त्याचा अभिमान मला, खरें सांगावयाचें तर, जरा अधिकच होता. माझी कन्या व जांवई नोकरीच्या निमित्तानें जर्मनी देशांत म्युनिक शहरीं राहतात. त्यांच्या आग्रहास्तव मी दोन महिने तिकडे जाऊन राहिलों. एके दिवशीं पाऊस पडत असतां कन्या म्हणाली, “बाबा, आज तुम्हांला नाटकांतलीं माणसें दाखवितें. सगळीं मुकीं आहेत, त्यामुळें भाषेची अडचण नाहीं.” असें म्हणून तिनें मला बव्हेरियाच्या राष्ट्रीय संग्रहालयांत नेलें.

तेथें कांचेच्या कपाटांत त्या मूर्ति उभ्या होत्या. कोणी कमरेंत वांकून नमस्कार करीत होता, कोणी बोट उगारून दटावीत होता, कोणी स्त्री मान वळवून रुसली होती. प्रत्येकाचें अंग असें पिळवटलेलें कीं जणूं पुढच्याच क्षणीं तें पात्र गिरकी घेईल. पायांखालची बैठकहि सपाट नव्हती. पाण्याची लाट वर उसळावी तशी ती कोठें कोठें उसळून पायाला टेंका देत होती. या मूर्ति फ्रांट्स आंतोन बुस्तेल्ली नांवाच्या कारागिरानें केल्या. तो १७५४ सालीं बव्हेरियाच्या कारखान्यांत आला, १७६१ सालीं तो कारखाना निम्फेनबुर्ग येथील राजवाड्याच्या आवारांत गेला, आणि १७६३ सालीं बुस्तेल्ली वारला. नऊ वर्षांची काय ती कारकीर्द. पण त्या अवधींत त्यानें इटालियन विनोदी नाटकांतील सोळा पात्रें मातींत अशीं उतरविलीं कीं, आज अडीचशेंहून अधिक वर्षें लोटलीं तरी त्यांचा खेळ संपलेला नाहीं.

या मूर्तींची कथा सुरू होते ती मात्र दुसऱ्या एका राजाच्या वेडापासून. चिनी लोकांस ही विद्या हजार वर्षांहून अधिक काळ अवगत होती. युरोपांतील राजेलोक तीं भांडीं भारी किंमत देऊन घेत, पण तीं कशाचीं करतात हें कोणास उकलत नव्हतें. सॅक्सनीचा अधिपति आणि पोलंडचा राजा ऑगस्टस (१६७०–१७३३) यास या भांड्यांचा असा नाद लागला होता कीं, १७१७ सालीं त्यानें प्रशियाच्या राजास आपले ६०० शिपाई दिले आणि मोबदल्यांत १५१ चिनी भांडीं घेतलीं. माणसें देऊन मडकीं घेणारा राजा आपल्या पुराणांतहि सांपडणें कठीण!

याच राजाच्या कैदेंत योहान फ्रीडरिख ब्योट्गर नांवाचा एक तरुण होता. हा मूळचा बर्लिनमधील एका औषधवाल्याचा शिकाऊ उमेदवार. आपणांस किमया साधली असून हलक्या धातूचें सोनें करतां येतें, अशी बढाई त्यानें मारली. ती बढाई त्याला भोंवली. प्रशियाचा राजा मागें लागला म्हणून तो १७०१ सालीं पळाला, तों सॅक्सनीच्या राजाच्या हातीं लागला. आणि “आतां सोनें करून दाखीव” म्हणून त्यानें याला कोंडून ठेविलें. सोनें अर्थातच झालें नाहीं. परंतु चिर्नहाउस नांवाच्या एका थोर गणितज्ञाच्या देखरेखीखालीं निरनिराळ्या माती व दगड भट्टींत भाजतां भाजतां १७०८ सालीं पांढऱ्या चिनी मातीचें रहस्य त्यांच्या हातीं आलें. त्याच वर्षीं चिर्नहाउस वारला. १७१० सालीं मायसेन गांवच्या डोंगरी किल्ल्यांत युरोपांतील असा पहिला कारखाना निघाला. किल्ला निवडला तो रहस्य बाहेर फुटूं नये म्हणून. तरीहि तें फुटलें; दहा वर्षांच्या आंत एक कारागीर व्हिएन्नास पळाला आणि तेथेंहि भट्टी पेटली. ब्योट्गर १७१९ सालीं, वयाच्या सदतिसाव्या वर्षीं मरण पावला. त्यानें सोनें केलें नाहीं, पण जी माती केली ती लोक सोन्यासारखी जपूं लागले.

या मातीचा धर्म थोडक्यांत सांगितला पाहिजे, कारण पुढें त्याचें कारण पडणार आहे. केओलिन नांवाची शुभ्र माती, फेल्डस्पार नांवाचा दगड आणि गारगोटी यांची पूड एकत्र मळतात. ती सुमारें १४०० अंश उष्णतेंत भाजली म्हणजे तींतील दगड वितळून कांचेप्रमाणें सर्व कणांस सांधतो. मात्र त्या वेळीं मूर्ति सुमारें एकषष्ठांशानें आटते, आणि ऐन भट्टींत असतां मऊ पडते. म्हणून नाचणाऱ्या पात्राचा पाय, उगारलेला हात, तोललेली टोपी हीं सर्व संकटाचीं ठिकाणें होत. कारागीर मूळ मूर्तीचे तुकडे करून प्रत्येकाचा चुनखडीसारख्या प्लास्टरचा साचा घेतो. त्या साच्यांत माती दाबून निरनिराळे अवयव काढतो. पातळ मातीच्या लगद्यानें ते सांधतो. आणि मूर्तीच्या पाठीमागें झाडाचें एखादें खोड उभें करतो. पाहणारास वाटतें कीं तें खोड शोभेकरितां आहे. वास्तविक तें खोड नसेल तर नाचणारा भट्टींतच लोळण घेईल.

मायसेनच्या कारखान्यांत या कलेला खरा प्राण आणला तो योहान योआखिम केंडलर (१७०६–१७७५) यानें. हा मूळचा शिल्पकार. १७३१ सालीं तो तेथें आला, १७३३ सालीं नमुने घडविणाऱ्यांचा मुख्य झाला, आणि मरेपर्यंत तेथेंच राहिला. आरंभीं राजानें त्याच्याकडून आपल्या महालाकरितां मोठमोठे पशुपक्षी करविले. पुढें त्याचें लक्ष लहान मूर्तींकडे वळलें, आणि त्याचें कारण जेवणाच्या पंक्तींत आहे. आपल्याकडे पानाभोंवतीं रांगोळी काढतात, त्याप्रमाणें त्या राजेलोकांच्या मेजवानींत शेवटचें गोड वाढण्याच्या वेळीं मेजावर साखरेच्या बाहुल्यांचा देखावा मांडीत. आपल्याकडील संक्रांतीचा हलवा किंवा गुढीपाडव्याची साखरेची माळ डोळ्यांपुढें आणली म्हणजे ही कल्पना सहज समजेल. साखरेच्या बाहुल्या विरघळत व मुंग्यांच्या स्वाधीन होत. त्यांच्या जागीं या मातीच्या मूर्ति आल्या. म्हणून सॅक्सनीच्या दरबारांत या मूर्ति जवाहिरखान्यांत नव्हे, तर मिठाई करणाऱ्या खात्याच्या ताब्यांत असत.

अशा देखाव्याला विषय कोणता निवडावा? देव होते, ऋतु होते, मेंढपाळ होते. पण जेवणाऱ्यांना सर्वांत प्रिय झालीं तीं इटालियन विनोदी नाटकांतील पात्रें. हें नाटक सोळाव्या शतकांत उदयास आलें. १५४५ सालीं पादुआ शहरांत कांहीं नटांनीं मंडळी स्थापण्याचा लेखी करार केला तो आजहि उपलब्ध आहे. या नाटकांत संवाद लिहिलेले नसत. कथानकाचा सांगाडा तेवढा ठरलेला. बाकी सर्व नटाच्या हजरजबाबीपणावर. आपल्या तमाशांतील वग किंवा कोंकणांतील दशावतार ज्यांनीं पाहिला आहे त्यांना ही पद्धत नव्यानें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. पात्रेंहि ठरलेलीं असत. पान्तालोने हा व्हेनिसचा म्हातारा व्यापारी, कवडीचुंबक आणि तरीहि रंगेल. कापितानो हा बढाईखोर शिपाईगडी; तलवार लांब आणि पाय त्याहून चपळ. कोलंबिना ही चतुर दासी. आर्लेक्किनो, ज्याला पुढें हार्लेक्विन म्हणूं लागले, हा बेर्गामोकडचा भुकेला नोकर. अंगावर ठिगळांचा रंगीबेरंगी पोषाख, तोंडावर काळा मुखवटा, आणि हातांत दोन फळ्यांची काठी, जिचा मारापेक्षां आवाजच फार. आणि बोलोन्या शहरचा दोत्तोरे, म्हणजे पंडित. काळा झगा घालून भलतेंच लॅटिन बोलणारा, ज्याला सर्व कांहीं येतें पण उपयोगाचें कांहींच येत नाहीं. या शेवटच्या गृहस्थाकडे आपणांस पुन्हां यावयाचें आहे.

संस्कृत नाटकांचा अभ्यास केलेल्या वाचकाला येथें विदूषक आठवल्यावांचून राहणार नाहीं. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत त्याचें वर्णन ठेंगू, दंतुर, कुबडा, टकला व पिंगट डोळ्यांचा असें केलें आहे. जन्मानें ब्राह्मण, पण बोलणार प्राकृत. राजाचा मित्र, पण लक्ष मोदकाकडे. ज्ञानाची मिरास ज्या वर्गाकडे होती त्याच वर्गांतला मनुष्य शास्त्रकारांनीं हंसण्याकरितां निवडला, यांत त्यांचें धैर्य दिसतें. शाकुंतलांतील माढव्याची गोष्ट पाहा. दुसऱ्या अंकाच्या शेवटीं राजा त्याला राजधानीस पाठवितो, आणि जातां जातां सांगतो कीं, शकुंतलेची गोष्ट मीं थट्टेनें बोललों. पुढें सहाव्या अंकांत राजा पश्चात्तापानें पोळत असतां विचारतो कीं, तूं तरी मला आठवण कां दिली नाहींस? माढव्य म्हणतो कीं, तुम्ही थट्टा म्हणालां, आणि मी मृत्पिंडबुद्धि, मातीच्या गोळ्यासारख्या बुद्धीचा, मीं तें खरें मानलें. हा प्रवेश मीं मुलांना समजावून देतांना कितीदां हंसलों असेन. पण विदूषकाला दूर पाठविलें त्यानें राजाचें केवढें नुकसान झालें, हें त्या हंसण्यांत माझ्या ध्यानीं आलें नाहीं.

आतां एक मोठी चमत्कारिक गोष्ट सांगतों. ज्या सॅक्सनी राज्यांत केंडलर मायसेन येथें बसून हार्लेक्विनच्या मूर्ति घडवीत होता, त्याच राज्यांतील लाइपझिग शहरीं १७३७ सालीं हार्लेक्विनला रंगभूमीवरून समारंभपूर्वक हद्दपार करण्यांत आलें! योहान क्रिस्टोफ गॉटशेड हे तेथील विद्यापीठांतले प्राध्यापक. जर्मन रंगभूमि शुद्ध व नियमबद्ध व्हावी, आचरट विदूषकाचे पांचट चाळे बंद व्हावेत, असा त्यांचा उपदेश. कारोलीन नॉयबर ही कर्तबगार नटी आपली मंडळी चालवीत असे. तिनें हा उपदेश मनावर घेऊन हार्लेक्विनच्या हकालपट्टीचा प्रयोगच करून दाखविला. दोघांचाहि हेतु वाईट नव्हता. त्या काळचा विनोद पुष्कळदां खरोखरच ओंगळ असे, आणि चांगलें नाटक लोकांपुढें यावें ही त्यांची तळमळ खरी होती. परंतु १७५९ सालीं लेसिंग या थोर टीकाकारानें यावर असा अभिप्राय दिला कीं, ती हकालपट्टी हाच सर्वांत मोठा विदूषकी चाळा झाला. १७६१ सालीं म्योझर नांवाच्या लेखकानें हार्लेक्विनचें समर्थन करणारा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. इकडे पंडितांचा वाद चालला असतां तिकडे कुंभाराची भट्टी चालूच होती. १७४३ ते १७४५ या अवधींत केंडलर व त्याचा सहकारी पेटर राइनिके यांनीं वाइसेनफेल्सच्या ड्यूककरितां या पात्रांची मालिका केली. त्यांतील पुष्कळशा मूर्तींचे नमुने त्यांनीं लुइजी रिक्कोबोनी या नटाच्या इटालियन रंगभूमीच्या इतिहासांतील चित्रांवरून घेतले. पंडितानें ज्याला दार दाखविलें त्याला मातीनें घर दिलें.

केंडलरनें नुसतीं कल्पित पात्रेंच केलीं असें नाहीं. त्याच दरबारांत योझेफ फ्र्योलिख (१६९४–१७५७) नांवाचा खराखुरा विदूषक व हातचलाखीवाला होता. त्याचीहि मूर्ति केंडलरनें केली. लठ्ठ देह, डोक्यावर उंच टोपी, आणि दोन्ही हात विजारीच्या पट्ट्यांत अडकवून ऐटींत उभा राहिलेला हा गृहस्थ आजहि निरनिराळ्या संग्रहालयांत लोकांकडे पाहून हंसतो आहे. त्याच्या काळचे किती मंत्री व सरदार विस्मृतींत गेले!

हें सर्व मी म्युनिकच्या त्या संग्रहालयांत आणि तेथून आणलेल्या एका सचित्र पुस्तकांत, कन्येकडून अर्थ करून घेत वाचलें. पुस्तकाचीं पानें उलटतां उलटतां मायसेनच्या मालिकेंतील दोत्तोरे समोर आला. काळा पायघोळ झगा, काळी टोपी, पंडिती आविर्भाव. कन्या सहज म्हणाली, “बाबा, हा आपल्याकडच्या एखाद्या मास्तरासारखा दिसतो, नाहीं?” ती हंसली. मला हंसूं आलें नाहीं.

पस्तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या गांवीं सोंगी भारुडाचें एक लहानसें मंडळ होतें, आणि त्यांत सोंगाड्याचें काम एक शेतकरी गृहस्थ करीत. सारा गांव त्यांना आबा म्हणे. लिहितांवाचतां बेताचेंच, पण नक्कल अशी कीं ज्याची करीत त्याची बायकोसुद्धां पदर तोंडाला लावून हंसे. तलाठी, सावकार, दवाखान्यांतला कंपाउंडर, कोणी म्हणून सुटला नाहीं. एके वर्षीं जत्रेंत त्यांनीं माझें सोंग आणलें. मोडकी छत्री, तारेचा बिनकांचेचा चष्मा, धोतराचा सोगा एका हातांत, आणि मुलांपुढें उभे राहून भाकरीचें संस्कृत चालविणें सुरू केलें: “भाकरः, भाकरौ, भाकराः! एक भाकर मास्तराची, दोन भाकरी पाटलाच्या, आणि पुष्कळ भाकरी कुणाच्या? त्या अजून व्याकरणातच हायेत!”

त्या सालीं पाऊस ओढला होता. लोक पोट धरधरून हंसले, आणि माझ्या मतें ते मला हंसले. भाषेची ही विटंबना आहे, देववाणीचा अपमान आहे, असें मीं मनाशीं ठरविलें. वस्तुतः अपमान माझा झाला होता. मीं गांवच्या वडीलधाऱ्यांस गांठून सांगितलें कीं, यापुढें जत्रेंत आणि शाळेच्या संमेलनांत अभिरुचि बिघडविणारीं सोंगें नकोत. भाषणें, पाठांतर आणि एखादा नाट्यप्रवेश असावा. त्या काळीं मास्तराच्या शब्दाला वजन असे. ठराव झाला. आबा मला रस्त्यांत भेटले तेव्हां वाद घातला नाहीं, कीं रागावले नाहींत. एवढेंच म्हणाले, “मास्तर, चुकलं असंल तर माफी असावी. पर पोरं तेवढंच व्याकरण तोंडपाठ म्हणत्यात.”

तें खरें होतें. वर्गांत ‘देवः देवौ देवाः’ म्हणतांना अडखळणारीं मुलें ‘भाकरः’ मात्र सातहि विभक्तींत घडघडा म्हणत. शिक्षकाला यांतून शिकण्यासारखें पुष्कळ होतें. मी शिकलों नाहीं. पुढें मंडळ मोडलें. त्याला इतर कारणेंहि असतील. पण पहिला घाव माझा. आबा सोंगाविना आणखी बरीच वर्षें जगले आणि शेतीची कामें करीत वारले. त्यांचें सोंगांतलें एकहि छायाचित्र कोणाकडे नाहीं.

म्युनिकमध्यें मला हेंच बोंचूं लागलें. बेर्गामोच्या भुकेल्या नोकराला राजानें आपल्या मेजावर उभें केलें. त्यांत त्या राजाची रसिकता होती, तशीच क्रूर थट्टाहि होती, कारण ज्यांच्या भुकेवर विनोद रचला ते लोक त्या मेजाच्या आसपासहि नव्हते. पण मूर्ति राहिली, आणि मूर्तीबरोबर भूकहि लक्षांत राहिली. आमच्याकडे गणपति, गौरी, बैल, मावळे हे सर्व कुंभाराच्या हातून दरसाल जन्मास येतात. ज्यानें गांवाला हंसविलें तो मात्र कोणत्या साच्यांत आहे? ‘गाढवाचं लग्न’ या वगाचा नायक सावळ्या हा जातीचा कुंभार; दादू इंदुरीकरांनीं तो महाराष्ट्रभर गाजविला. आम्ही कुंभाराला विनोदी नाटकांत आणलें, पण विनोदी नटाला कुंभाराकडे नेलें नाहीं.

परत आलों तों दिवाळी महिन्यावर आली होती. पुणें जिल्ह्यांत मुलें दिवाळींत मातीचे किल्ले करतात हें वाचकांस ठाऊकच आहे. सिंहासनावर शिवाजीमहाराज, बुरुजांवर मावळे, पायथ्याशीं गवळण, वाणी, पहिलवान. हीं चित्रें करणारे एक कुंभार शेजारच्या गांवीं आहेत. त्यांचे वडील आबांच्या मंडळांत टाळ वाजवीत असत. मी त्यांच्याकडे जाऊन म्हणालों, “एक सोंगाड्या करून द्या.” ते म्हणाले, “गुरुजी, मावळं खपत्यात. आता तीबी बाहेरून प्लास्टरची येत्यात. सोंगाड्या कोण घेणार?” मीं म्हटलें, “मी घेईन.” त्यावर त्यांनीं नमुन्याकरितां चित्र मागितलें. चित्र कोठून आणावें?

मग जें झालें तें लिहितांना अजूनहि संकोच वाटतो. मीं घरून जुनी छत्री व तारेचा चष्मा नेला, आणि त्या कुंभारवाड्यांत भर दुपारीं, चाकाशेजारीं, आबा जसे उभे राहत तसा उभा राहिलों: एक पाय पुढें, सोगा हातांत, छत्री उगारलेली. म्हणजे आबांनीं माझें सोंग घेतलें होतें, आणि आतां मी आबांचें सोंग घेऊन माझें सोंग वठवीत होतों. कुंभारांच्या घरचीं लहानमोठीं सर्व माणसें बाहेर येऊन हंसूं लागलीं. पस्तीस वर्षांपूर्वीं ज्या हंसण्यानें माझ्या अंगाची आग झाली होती तेंच हंसणें. या खेपेस मात्र मला तें गार पाण्यासारखें वाटलें. माझ्याकडून अभावितपणें ‘भाकरः, भाकरौ’ सुद्धां निघून गेलें.

पहिली मूर्ति वाळतांनाच फसली. उगारलेल्या छत्रीचा हात खांद्यापासून गळून पडला. तेव्हां मीं त्यांना केंडलरची झाडाच्या खोडाची युक्ति सांगितली. त्यांनीं विचार करून खोड न करतां छत्रीच उतरविली आणि तिचें टोंक जमिनीला टेंकवून तिच्यावर हात ठेवविला. टेंकाहि मिळाला, आणि आबा खरोखर दमल्यावर तसेच छत्रीवर भार देऊन उभे राहत, तेंहि साधलें. भट्टींतून मूर्ति धड निघाली. ती साधी लाल मातीची, केंडलरच्या मातीसारखी पारदर्शक नव्हे, नादहि मडक्याचाच. रंग कोणता द्यावा असें विचारल्यावर मीं नुसता पांढरा द्या म्हटलें, कारण भरतमुनींनीं हास्यरसाचा वर्ण श्वेत सांगितला आहे. यावर कुंभारांची आई म्हणाली, “गुरुजी, बरंच झालं, रंगाचं पैसं वाचलं.” शास्त्रार्थ आणि व्यवहार यांचा असा मेळ क्वचितच बसतो.

दिवाळींत शेजारच्या मुलांच्या किल्ल्यावर ती मूर्ति महादरवाजाच्या बाहेर, मावळ्यांच्या रांगेपलीकडे उभी राहिली. आबांची सून, आतां स्वतः म्हातारी झालेली, किल्ला पाहण्यास आली. ती खालीं बसून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “त्वांड न्हाई जमलं. पर उभं ऱ्हाणं मामंजींचंच.” मीं तिला सर्व हकीकत सांगितली, माझ्या ठरावासुद्धां. ती म्हणाली, “ठावं हाय आमाला. घरात लई येळा म्हनायचं, मास्तर मानूस वाईट न्हाई, फकस्त हसायला शिकला न्हाई.”

प्रत्येक गांवीं असा एखादा आबा होऊन गेलेला असतो. त्याची नक्कल पाहिलेलीं माणसें आज आहेत, उद्यां नसतील. मूर्ति करणें सर्वांस साधणार नाहीं. परंतु तो कसा उभा राहत असे, काय बोलत असे, कोणास हंसत असे, एवढें वहींत लिहून ठेवणें कोणत्याहि शिकलेल्या घराला कठीण नाहीं, आणि त्यांत आपलेंच सोंग निघालें तर तेंहि गाळूं नये. आमच्या शेजारचीं मुलें किल्ला मोडतांना ती मूर्ति परत देण्यास आलीं, तेव्हां त्यांतील सर्वांत लहान मुलानें विचारलें, “आजोबा, हा काय म्हणतो?” मीं चष्मा काढून ठेविला, आणि पहिल्या विभक्तीपासून सुरुवात केली.